मालकाच्या अंगणातला सडा

माय, तू गेलीस त्याला वीस वर्षं होऊन गेली, तरी हिंगोलीतल्या आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांची गोष्ट निघाली की मी अजून ताठ मानेनं सांगते. मालकाला त्या खोल्या पुतण्यासाठी हव्या होत्या. बापाविना दोन लेकरं घेऊन तू लगेच कुठं जाणार? तू "न्हाई" म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी आपला नळ बंद झाला. रोज पहाटे त्यांच्या अख्ख्या अंगणाला सडा तूच घालायचीस, भाडेकरणीनं ते करायचंच अशी त्या घरची रीत होती. त्या दिवसापासून तू फक्त आपल्या उंबऱ्यापुरतं झाडलंस. हापशावरून आणलेली कळशी मी रागानं आपटली, तर मलाच दटावलंस, "कळशीवर काहून राग काढून राहिली? तिनं बंद केला का नळ?"

चौथी शिकलेली तू कोर्टाबाहेर अर्ज लिहिणाऱ्यासमोर बसलेली मला अजून दिसतेस. तुला एकच धास्ती आहे, आपल्याजवळ कागद नाही. तो चष्मा वर सारून सांगतो, "बाई, लेखी करार करून घेणं मालकाचं काम. कागद न्हाई म्हणून तुमचा हक्क जात न्हाई. घर खाली करायचं तर त्यानं कोर्टात जावं, पाणी तोडता येत न्हाई." तू त्याला ते पुन्हा सांगायला लावतेस, मग तिसऱ्यांदाही. घरी येईपर्यंत तुला तोंडपाठ झालं होतं. शेजारणी साक्षीला आल्या, कोर्टानं नळ सोडायला लावला. पाणी आलं त्या सकाळी तू पुन्हा अख्ख्या अंगणाला सडा घातलास. मी चिडले. तू म्हणालीस, "पाणी हक्काचं व्हतं, ते घेतलं. सडा माझ्या मनाचा हाय." मालकीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

आता माझं स्वतःचं घर आहे आणि वरच्या खोलीत सेनगावची एक नर्स भाड्यानं राहते. मध्यंतरी ती ड्युटीवर असताना गळती बघायला मी माझ्याजवळच्या किल्लीनं तिची खोली उघडली. संध्याकाळी ती शांतपणे म्हणाली, "काकू, आत जायचं असलं तर आधी सांगत जा. अन् आपला करार बी नोंदवून घेऊ." पुढच्या आठवड्यात आम्ही करार नोंदवला, किल्लीही मी तिच्या हातात दिली. हे ऐकून तू खूश झाली असतीस.

पण मधली एक सकाळ राहिली. माझ्याच घरात ही मला शिकवते, या रागात मी जिन्याखाली जाऊन तिच्या पाण्याच्या व्हॉल्व्हला हात घातला होता. दोन आटे फिरवलेही होते. तेवढ्यात वरून तिचा आवाज आला, "काकू, पाणी गेलं काय?" आणि हापशावर कळशी घेऊन उभी असलेली मीच मला आठवले. मी आटे उलटे फिरवले आणि म्हणाले, "येऊन राहिलं." तुझी गोष्ट मी गावभर सांगते, ही मात्र कुणालाच सांगितलेली नाही. तू समोर असतीस तर तुलाही सांगायची छाती झाली नसती.