आई, भाकर करपली

प्रिय आई,

आता मला पत्र लिहितेस होय, असं म्हणशील. पण दुसरा इलाज नाही गं. मी मागच्या खोलीत आहे, दाराला आतून कडी आहे, आणि दाराबाहेर बाबा खुर्ची टाकून बसलेत. फोनवर कोणाशीही बोलायला लागले की ते ऐकतात आणि बाहेरूनच मध्ये उत्तरंसुद्धा देतात! माझ्या मनात जे चाललंय ते त्यांच्या कानावर जायला नको. म्हणून लिहायला बसले.

माझा वास गेलाय, आई. काल दुपारपासून कशाचाच वास येत नाही. पालिकेची माणसं येऊन नाकात काडी घालून गेली, माझ्याही आणि बाबांच्याही. रिपोर्ट उद्या येईल म्हणाले.

तुला यातलं काहीच माहीत नाही, नाही का? तू गेलीस तेव्हा हा आजार नव्हता. तुझ्या मातीला अख्खी मंडळी आली होती. कल्याणच्या आपल्या चर्चमधलं एक घर मागे राहिलं नव्हतं. लीलामावशींनी पेटी वाजवली, लोकांनी कबरीभोवती उभं राहून गायलं, आणि नंतर जो तो बाबांचा हात हातात घेऊन सलाम करून गेला. तेव्हा मला वाटलं होतं, किती ही गर्दी! घरी जाऊन जरा एकटं बसू द्या की आम्हाला. आता त्या गर्दीचं नवल वाटतं.

आणि नाव तरी काय ठेवलंस माझं! करुणा! मार्चपासून मंडळीतली पोरं मला करोनाताई म्हणतायत. परवापर्यंत मीही हसत होते.

तर झालं असं, की मार्चमध्ये देवळं, मशिदी, विहारं, चर्च, सगळी बंद झाली. आपले नवे पाळकसाहेब तरुण आहेत. त्यांनी रविवारची उपासना मोबाइलवर सुरू केली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, मोबाइलसमोर बसायचे. गीत लागलं की उभे राहायचे. मी म्हटलं, "बाबा, बसून गायलं तरी चालतं, तुम्हाला कोणी बघत नाहीये." तर म्हणाले, "ज्यानं बघायचं तो बघतोय."

पण प्रभुभोजनाला गाडी अडली. पाळकसाहेब म्हणाले, प्रत्येकानं आपापल्या घरी भाकर आणि द्राक्षाचा रस समोर ठेवा, मी इथून प्रार्थना करतो. मी बेकरीच्या पावाची स्लाइस बशीत ठेवली. बाबांनी ती बशी हातानं बाजूला सारली. म्हणाले, "ही कोणाची भाकर? पाकिटातली? तुझी आई चर्चसाठी करायची ती एका गोळ्याची एक भाकर असायची. त्यातलाच तुकडा मला, त्यातलाच शांतवनला, त्यातलाच ज्याच्याशी भांडण झालंय त्यालाही. आपापल्या घरी आपापला पाव खायचा, तर मग मंडळी कशाला पाहिजे?"

मला राग आला होता.

तुझा तो शनिवार आठवतो मला. सगळं पीठ एकदम मळायचीस आणि गोळा कधी तोडायची नाहीस. एका नाताळला माणसं इतकी वाढली, की भाकर आपल्या तव्यात मावेना. मी म्हटलं, दोन करू. तू केवढ्यांदा ओरडलीस! "भाकरीचे दोन केले की मंडळीचे दोन होतील." आणि मग शेजारच्या बिल्डिंगमधल्या कांबळेकाकूंकडून जयंतीच्या जेवणाचा तो भला मोठा तवा आणलास. काकूंनी विचारलं, "आमच्या तव्यावरचं चालतं ना तुमच्या देवाला?" तू म्हणालीस, "देवाला चालतं हो. आमच्या पंचांना काही सांगू नका म्हणजे झालं." दोघी ओटा धरून हसत होतात.

पुढे पावसाळ्यात लीलामावशी गेल्या. याच आजारानं. मातीला मुलगा आणि पालिकेची माणसं, बस. कोणालाही जाऊ दिलं नाही. ज्यांनी चाळीसेक वर्षं प्रत्येकाच्या मातीला पेटी वाजवली, त्यांच्या वेळेला एक ओळ कोणी गायली नाही. बाबा त्या दिवशी खिडकीत उभे राहून मावशींचं आवडतं गीत पहिल्या कडव्यापासून शेवटापर्यंत एकटेच गायले. समोरच्या बिल्डिंगमधले लोक बाल्कनीत येऊन बघत होते. मग वळून मला म्हणाले, "असं एकट्यानं जायचं आपण? असं?"

तेव्हापासून ते बदलले. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

दिवाळीच्या सुमाराला सरकारनं दारं उघडली, पण अटी घालून. मास्क, अंतर, हात मिळवायचा नाही. आणि पासष्टच्या वरच्यांनी आणि लहान मुलांनी घरीच राहावं. पाळकसाहेबांनी पंचकमिटीत स्पष्ट सांगितलं, नियम पाळायचे, उद्या आपल्यामुळे कोणी आजारी पडला तर शेजारपाजारच्यांना तोंड काय दाखवणार? मी कमिटीची सेक्रेटरी. तूच ढकललंस मला त्यात! म्हाताऱ्यांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. बाकीच्यांना फोन केले. बाबांना चहा देताना सांगितलं.

"मग उरलं कोण?" बाबा म्हणाले. "त्या चर्चच्या खिडक्यांचं ग्रिल कोणी केलं? मी. वागळे इस्टेटमधून पाळी संपवून यायचो आणि वेल्डिंग करायचो. शांतवननं बाकं घासली. आणि आता आम्हीच बाहेर?"

"बाबा, तुमच्या जिवासाठीच आहे ना ते."

"माझ्या जिवाचं मला विचारलं कोणी?"

आई, तू असतीस तर काय केलं असतंस? मला खरंच कळत नव्हतं. पाळकसाहेब आणि बाबा, दोघांचंही पटत होतं आणि दोघांचीही भीती वाटत होती.

बाबांचे जुने दोस्त शांतवनकाका आता खडवलीला राहतात, अंगण मोठं आहे. त्यांनी आणि बाबांनी ठरवलं, चर्च उघडेल त्याच रविवारी म्हाताऱ्यांची उपासना खडवलीला. वेगळी. प्रभुभोजनासकट. लोकल गाड्या सगळ्यांसाठी सुरू नाहीत, म्हणून जीप ठरवली. एका जीपमध्ये दाटीवाटीनं बसलेले सगळे सत्तरीचे! कोणाला साखर, कोणाला दमा, बाबांना बीपी. व्हॉट्सअॅपवर मंडळीचे दोन ग्रुप झाले. कालपरवापर्यंत एकमेकांच्या बारशाला जेवलेली माणसं या ग्रुपमधून त्या ग्रुपला टोमणे मारायला लागली. मला रात्र रात्र झोप लागेना. जीपची भीती जास्त की दोन ग्रुपची, मलाच कळेना.

शेवटी मला तुझा तवा आठवला. म्हणजे कांबळेकाकूंचा. म्हटलं, जीप माझ्यानं थांबत नाही, निदान भाकरीचे दोन होऊ द्यायचे नाहीत. एक गोळा, एक भाकर. भाजून झाल्यावर तुकडे करून पाकिटं बांधायची, अर्धी चर्चला, अर्धी खडवलीला. पाळकसाहेबांनी जरा विचार केला आणि हो म्हणाले. मग बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "एकच ना? तिच्यासारखी?" आणि स्वतः जाऊन काकूंकडून तवा घेऊन आले.

काल दुपारी मी पीठ मळलं. मास्क लावून, कोपरापर्यंत हात धुऊन. अंग जरा कसकसत होतं, पण आठवडाभर चर्चची झाडलोट चालली होती, म्हटलं दमले असेन. भाकर तव्यावर टाकली आणि मास्क खाली ओढून वाकून बघत उभी राहिले. तू बघायचीस तशी.

बाहेरच्या खोलीतून बाबा ओरडले, "करुणा! अगं करपतंय! लक्ष कुठंय तुझं?"

मी तव्यावर वाकले होते, आई. भाकर माझ्या नाकाखाली होती. आणि मला कसलाच वास येत नव्हता.

मी गॅस बंद केला. हिंगाची डबी उघडली. मग कांदा फोडला. मग बाम. मग फिनेलची बाटलीसुद्धा. काही नाही.

खोटं कशाला सांगू, एक विचार आला. कोणाला कळणार आहे? भाकर विस्तवावर भाजलेली, तिच्यात काय राहणार? करपलेला भाग काढून टाकू. दोन्हीकडची माणसं वाट बघतायत. मोठ्या मुश्किलीनं जुळत आलेलं मी कसं मोडू? पण बाबा रोज माझ्यासोबत एका टेबलावर जेवतात. ते उद्या त्या जीपमध्ये बसणार होते, सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून.

मी स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगितलं, "बाबा, आत येऊ नका. मला वास येत नाहीये."

"सर्दी असेल."

"सर्दी नाही, बाबा."

ते दारात येऊन थांबले. तव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता रागावतील, किंवा प्रार्थना करू म्हणतील. त्यांनी चष्मा लावला, फोन घेतला आणि शांतवनकाकांना लावला. ऐकायला कमी येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"शांतवन, जीपवाल्याला नको म्हणून सांग."

"का रे? पोरीनं अडवलं वाटतं? दयानंद, तुझा विश्वास गेला का काय?"

"विश्वास आहे जागेवर. पोरीचा वास गेलाय."

 मग काका म्हणाले, "जेवतीय का ती?"

आई, तिथे मी रडले गं.

बाबा म्हणाले, "बाकीच्यांना तू सांगू नकोस. मी सांगतो." आणि एकेकाला फोन करत राहिले. मी ज्यांना घरी बसा म्हणून सांगितलं होतं आणि ज्यांनी माझं ऐकलं नव्हतं, त्या सगळ्यांना. पाळकसाहेबांना मी कळवलं. झाडलोटीला सगळे माझ्याबरोबर होते, म्हणून चर्चही उघडलं नाही. इतक्या महिन्यांनी उघडणार होतं, ते माझ्यामुळे बंद राहिलं! एकानंही बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

आज सकाळी दारावर टकटक. "करुणा, पीठ किती घेऊ?"

"कशाला?"

"प्रभुभोजन आहे ना मोबाइलवर. सगळे एकाच लिंकवर येतायत, शांतवनसुद्धा. प्रत्येकानं आपल्या घरी आपल्या हातानं मळायची, असं ठरलंय. मीच म्हटलं. पाव नको."

मी थक्क झाले. आयुष्यात ज्यांनी साधी पोळी लाटली नाही! मी आतून सांगत राहिले, तुझ्याच शब्दांत. पाणी थोडं थोडं, हातालाच कळेल. ते बाहेरून म्हणत राहिले, "हाताला काही कळत नाहीये." शेवटी भांडी आदळल्याचे आवाज, मग शांतता. मग टकटक, आणि पावलं लांब गेली. दार उघडलं तर खाली बशीत भाकरीचा तुकडा, चपलेच्या तळव्याएवढा जाड. एका बाजूनं कच्चा.

दाराच्या अलीकडे मी, पलीकडे ते. मोबाइलवर सगळी मंडळी चौकोनाचौकोनात. कोणाची भाकर तुटली होती, कोणाची जळली होती, शांतवनकाकांची तर नकाशासारखी. पाळकसाहेबांनाही हसू आवरेना. मग सगळ्यांनी एकदम खाल्ली. मला चव आली नाही. तरी मी सावकाश चावून खाल्ली.

कालची करपलेली भाकर बाबांनी टाकली नाही. तव्यावरच झाकून ठेवलीय, दोन न करता. कांबळेकाकूंचा फोन आला होता. "तवा राहू दे गं, तुझ्या तोंडाला चव आली की आण." खाली वॉचमनकडे आमच्यासाठी पेजेचा डबा ठेवून गेल्या.

हे सगळं तुला सांगून झालं. आता खरं सांगते, जे बाबांच्या कानावर जायला नको.

मघापासून ते खोकतायत. मी विचारलं तर म्हणाले, "ठसका लागला, तुझ्या आईच्या भाकरीचा." आधी एकदा खोकले. मग दोनदा. आता मी लिहायचं थांबवून ऐकतेय, खुर्ची करकरते का ते. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं ते यंत्र दार किलकिलं करून बाहेर सरकवलं, तर म्हणतात बघितलं, चांगलंय. आकडा सांगत नाहीत. तू म्हणायचीस ते खरं, फार लबाड माणूस आहे!

तुझ्यावरही थोडा राग आहे माझा. रोज संध्याकाळी ते तुझ्या फोटोसमोर बसून हळू आवाजात काय काय बोलतात. तू उत्तर देतेस का त्यांना? ये म्हणतेस का? म्हणू नकोस, आई. इतकी वर्षं तुझ्याजवळ होते ना ते? आता थोडे माझ्याजवळ राहू देत. लीलामावशींसारखं, कोणी न गाता, मी त्यांना पाठवणार नाही.

तुला वचन देते. आकडा खाली आला तर त्यांच्याशी भांडून, ठाण्याच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं तर नेऊन, मी त्यांना राखीन. चर्चचं दार उघडलं की तोच तवा घासून एक गोळा मळीन, तुझ्यासारखाच. आणि पहिला तुकडा त्यांच्या हातावर ठेवीन, चर्चमध्ये, त्यांच्याच ग्रिलच्या खिडकीजवळ.

तोपर्यंत तू त्यांची वाट बघू नकोस.

पुन्हा खोकले. उठते आता, दाराजवळ जाते.

तुझी,
करुणा