फोटो दुरुस्तीचा नवा संगणक निवडताना जुन्याची डिस्क न फोडण्याबाबत

प्रति,
मा. भांडार व खरेदी अधिकारी,
ओळखपत्र कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार: रीटचर (कंत्राटी), छायाचित्र कक्ष, तळमजला, जिन्याखालची खोली.

विषय: फोटो दुरुस्तीसाठी नवीन संगणक निवडण्याबाबत, व जुन्या संगणकाच्या डिस्कला ड्रिलने भोके पाडण्यास हरकत घेण्याबाबत.

संदर्भ: १) आपले परिपत्रक, ‘जुनी यंत्रे मोडीत काढणे व नव्यांची गरज कळवणे’.
२) याच विषयावरचा माझा मागील अर्ज, ज्यावर आपण ‘हे काय आहे?’ असा शेरा मारून तो परत पाठवला.

महोदय,

प्रत्येक कक्षाने आपली गरज एका पानात कळवावी, असे परिपत्रकात म्हटले आहे. मागच्या वेळी मी ती एका पानातच कळवली होती, म्हणूनच आपणास तसा शेरा मारावा लागला. ‘हे काय आहे’ ते आता सविस्तर सांगतो.

१. प्रथम माझ्याविषयी. या खोलीत मला सव्वीस वर्षे झाली. लोकांचे ओळखपत्राचे फोटो काढणे, त्यांचे वाकडे कॉलर सरळ करणे आणि फाटके, डागाळलेले जुने फोटो दुरुस्त करणे, शिवाय कोणी रीतसर पावती फाडली तर नको असलेला माणूस फोटोतून काढून देणे हे माझे काम. कार्यालयात मला थापाकाका म्हणतात, आणि माझी त्यास हरकत नाही. एका टकल्या गृहस्थांच्या फोटोत मी इतके जिवंत केस रंगवले की सहा महिन्यांनी ते फोटो घेऊन न्हाव्याकडे गेले, असे मी जेवणाच्या सुटीत सांगितले आहे. दुसऱ्या एकाने ‘हलू नका’ म्हटल्यावर श्वास रोखला, तो फोटो फ्रेम होऊन हातात पडल्यावरच सोडला, असेही सांगितले आहे. हे दोन्ही किस्से खोटे असल्याचे मी येथे लेखी मान्य करतो, म्हणजे पुढील मजकुरावर त्यांची सावली पडू नये.

२. नवा संगणक कसा हवा, ते असे. पडदा सत्तावीस इंची आणि खरे रंग दाखवणारा असावा. सध्याच्या पडद्यावर सगळी जनता कावीळ झाल्यासारखी दिसते. मी अंदाजाने पिवळेपणा उतरवतो आणि छापून आल्यावर तीच जनता निळी पडलेली असते. मेमरी निदान बत्तीस जीबी असावी. फोटोवर दुरुस्तीचे थर एकावर एक चढवावे लागतात, आणि हे यंत्र चौथ्या थराला मान टाकते. डिस्का दोन असाव्यात. एक वेगवान, कामासाठी; दुसरी फक्त मूळ फोटो जपून ठेवण्यासाठी. दुसरीचे कारण पाचव्या परिच्छेदात येईल.

पंखा बिनआवाजाचा हवा. सध्याच्या पंख्याला धाप लागते, आणि त्या आवाजाखाली खोलीत दुसरे कोणी श्वास घेत असेल तर ऐकू येत नाही. पडदा चकचकीत मुळीच नको. चकचकीत पडद्यात माझ्या पाठीमागची खोली उमटते. मग फोटोतले कोण आणि माझ्या मागे उभे असलेले कोण, हे सांगता येत नाही.

३. आपण पाठवलेल्या दुरुस्तीवाल्याने मला नव्या यंत्राचा नमुना दाखवला. माणूस बोलायला गोड आहे. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो त्याने उघडला, म्हाताऱ्यावर एक टिचकी मारली, आणि बाक रिकामा. मी विचारले, ‘अरे, गेला कुठे तो?’ तो म्हणाला, ‘कुठेच नाही, काका, तीच तर गंमत आहे!’ मला तीन दिवस जेवण गेले नाही. नव्या संगणकात ही सोय असू नये, आणि असलीच तर तिला कुलूप लावून किल्ली आपल्याकडे ठेवावी.

४. कारण माणूस कुठेच जात नाही असे होत नाही. आम्ही जुने लोक फोटोतून माणूस काढतो म्हणजे खोडत नाही. शेजारची भिंत चिमूट चिमूट उचलून त्याच्या अंगावर लिंपत जातो. आधी पाय, मग पोट, मग खांदे, चेहरा शेवटी. गवंडीकामच ते. शेवटी तो भिंतीमागे राहतो. माझ्या हातून अशी तीनशे माणसे गेली आहेत. (हे टाइप करताना माझ्या डाव्या बाहीला मागून हिसका बसला. खुर्चीत अडकली असावी. आकडा एकेचाळीस असा वाचावा.)

यांपैकी पहिल्यांदा परत आल्या त्या ग्रंथपाल बाई. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या फोटोतून त्यांना काढून मागितले होते. बाई नोकरी सोडताना मुख्याध्यापकांना भरसभेत सुनावून गेल्या होत्या. मी त्यांना लिंपून टाकले आणि विसरलो. पुढे बऱ्याच वर्षांनी, म्हणजे आजपासून अकरा वर्षांपूर्वी, एक नळदुरुस्तीवाला ओळखपत्रासाठी कॅमेऱ्यासमोर, मागच्या कापडाला पाठ करून बसला. आपला कॅमेरा चेहरा दिसला की त्याभोवती पिवळी चौकट काढतो. त्याने दोन चौकटी काढल्या. एक नळदुरुस्तीवाल्याच्या चेहऱ्याभोवती, दुसरी त्याच्या डाव्या कानामागे, नुसत्या कापडावर. फोटो उघडून पाहतो तर कानामागे ग्रंथपाल बाई, जाड पुस्तक छातीशी धरून, ‘बोलू नका’ अशा नजरेने उभ्या. नळदुरुस्तीवाला म्हणाला, ‘अहो, मी बायकोला काय सांगू? ती आधीच संशयी आहे!’ मी बाईंना पुन्हा लिंपले. त्या पुढच्या गिऱ्हाइकाच्या खांद्यामागे आल्या.

त्यानंतर एकेक करून बाकीचे आले. बिनसलेले भागीदार, मोडलेल्या सोयरिकीतले नवरे, संघातून काढलेला गोलरक्षक. दुपारी तीनच्या सुमारास उजेड तिरका झाला की ते दिसतात. कोणाचा त्रास म्हणून नाही. उंच मागे, बुटके पुढे, असे शिस्तीत उभे राहतात, कारण तसे मीच त्यांना कधी काळी सांगितले होते. एकाचेही डोळे मिटलेले नसतात, जे ग्रुप फोटोत मला जन्मात साधले नाही. सगळे फक्त बघत असतात. हेडक्लार्क बाईंना मी हे दाखवायला बोलावले. त्या म्हणाल्या, ‘काका, पडद्यावर कोणी नाही. तुमच्या चष्म्यावर भज्यांची बोटं आहेत.’ त्या गेल्यावर मी चष्मा पुसला. मंडळी अधिक स्पष्ट झाली.

५. आता मुद्द्याचे. एकेचाळिसातली एक माझी धाकटी बहीण आहे.

वडिलांचे धान्याचे दुकान होते. एके दिवशी गल्ल्यापाशी उभी राहून ती गिऱ्हाइकाला म्हणाली, ‘मावशी, दुसरीकडून घ्या. आमच्या तराजूखाली चुंबक आहे.’ ती खोटे बोलत नसे, तेवढा एकच दोष तिच्यात होता. वडील म्हणाले, या घरात हिचा फोटोसुद्धा नको. ती एक पिशवी घेऊन निघून गेली. वडिलांनी घरातले सगळे फोटो जाळले. राहिला तो एक, दुकानाच्या पन्नासाव्या वर्षी मी टायमर लावून काढलेला घरच्यांचा. तो कागदावर नव्हता, या संगणकात होता. सुटीच्या दिवशी वडिलांना इथे घेऊन आलो. सरकारी यंत्रावर खासगी काम केल्याबद्दल जी कारवाई व्हायची ती जरूर व्हावी. या गोष्टीला सतरा वर्षे झाली आहेत एवढेच नमूद करतो.

नव्याने लागणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला धडा एकच देतो: आधी प्रत काढा, मूळ फोटोला हात लावू नका. त्या दिवशी वडील माझ्या खुर्चीमागे उभे होते. ‘झालं का? झालं का?’ एवढेच बोलत होते. मी प्रत काढली नाही. मुळावरच लिंपले आणि मुळावरच सेव्ह केले. त्या क्षणी तिचा जगातला शेवटचा चेहरा गेला, आणि तो मी घालवला.

एक गोष्ट राहिली. लहानपणापासून मी चारचौघांत थाप मारू लागलो की ती मागून माझी डावी बाही ओढायची, म्हणजे ‘दादा, पुरे’. फोटोच्या वेळी मी पाहुण्यांना सांगत होतो की हा कॅमेरा माणसाचे वजनही सांगतो. म्हणून फोटोत ती माझ्या मागे होती आणि तिची बोटे माझ्या बाहीवर होती. ती चार बोटे मला बाहीच्या सुरकुत्यांतून सोडवता आली नाहीत. सोडवली नाहीत, असे वाचावे. वडिलांना वाटले, त्या सुरकुत्याच आहेत.

सहा वर्षांनी एका शिवणवर्गातून पत्र आले. ‘ताई गेल्या. साधा ताप होता. त्या कधी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या नाहीत. वर्गाच्या भिंतीवर लावायला आम्हाला त्यांचा फोटो हवा आहे, तुमच्याकडे असेलच.’ मी उत्तर लिहिले, फोटो दुरुस्तीला काढला आहे, झाला की पाठवतो. आयुष्यात हजार थापा मारल्या, त्यांत ही एक निभावता आली नाही. दर वर्ष-दोन वर्षांनी त्या बायकांचे कार्ड येते: ‘झाला का दुरुस्त?’

६. ग्रंथपाल बाई परत आल्या त्या या पत्रानंतरच्याच आठवड्यात. तेव्हा माझ्या लक्षात आले की सगळे येत असतील तर तीही येईल. त्यासाठी मी हे यंत्र अकरा वर्षे जिवंत ठेवले. मध्यंतरी दोनदा या कक्षाला नवा संगणक मंजूर झाला. दोन्ही वेळा ‘त्यांचे काम मोठे’ म्हणून मी तो आस्थापना शाखेला देऊन टाकला. माझ्या कंत्राटाच्या फायलीत त्याबद्दल कौतुकाची नोंद आहे. ती कृपया खोडावी.

बाकीचे चाळीस आले. ती आली नाही. मागील महिन्यात एका बसचालकाच्या फोटोत मागच्या कापडाच्या कडेला चार बोटे दिसली. दुसऱ्या दिवशी एका मास्तरांच्या फोटोत मनगट आले, आणि मनगटावर टाचण्या टोचायची छोटी गादी बांधलेली. ती गादी मूळ फोटोत नव्हती. शिवणाचा वर्ग तिने घर सोडल्यानंतर काढला. पुढे कोपर, मग खांदा. गेल्या आठवड्यात एका नर्सबाईंच्या पाठीमागे कान आणि वेणी. वेणीत पांढरे केस आहेत, जे मी कधी पाहिले नाहीत. चेहरा अजून पलीकडे आहे. ती रुसली आहे, हे मला पाठीवरून कळते. या गतीने तिला वळायला आणखी दोन-तीन आठवडे लागतील. आपला ड्रिलवाला शुक्रवारी येणार आहे.

दुरुस्तीवाला म्हणाला, ‘एवढंच ना? सगळं नव्यात कॉपी करून देतो.’ त्याने प्रयोगादाखल करूनही दिले. मी कॉपी केलेले फोटो उघडले. बसचालक होता, मास्तर होते, नर्सबाई होत्या. मागे स्वच्छ कापड. मग तेच फोटो जुन्या यंत्रावर उघडले. चाळीसही जण जागेवर होते, आणि पहिल्यांदाच घाबरलेले दिसले.

७. तरी विनंती अशी. परिच्छेद दोनमध्ये लिहिलेला संगणक कक्षासाठी जरूर घ्यावा. त्यावर मी मन लावून काम करीन, तक्रार करणार नाही. जुना मात्र बाजूच्या स्टुलावर, वायर न काढता, ती तोंड वळवेपर्यंत चालू राहू द्यावा. वळली की तो एक फोटो काढून मी शिवणवर्गाला पाठवीन. त्या फोटोवर एकही थर चढवणार नाही. त्यानंतरही डिस्क फोडायचीच असेल तर मला आठ दिवस आधी कळवावे. बाकीच्यांना सांगावे लागेल.

एका कक्षात दोन यंत्रे ठेवता येत नाहीत, असा नियम आड येत असेल तर माझे कंत्राट शुक्रवारपासून संपवावे आणि मोडीत काढलेल्या सामानाच्या यादीत यंत्रापुढे माझे पद लिहून आम्हा दोघांना एकदमच बाहेर काढावे. स्टूल मी माझे आणीन.

या अर्जावर कोणता शेरा मारावा हा आपला अधिकार. पण मारण्यापूर्वी सोबतचे तिसरे कागदपत्र पाहावे, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र, आणि या एका अर्जापुरता खरा,
(सही)
रीटचर, छायाचित्र कक्ष
मंगळवार, दुपारी सव्वातीन

सोबत:
१) नव्या संगणकाचे माहितीपत्रक. माणूस नाहीसा करण्याची सोय असलेल्या पानाला टाचणी लावली आहे.
२) शिवणवर्गाची कार्डे, सहा.
३) अर्जदाराचा आजचा फोटो, दोन प्रती. जुन्याच यंत्रावर काढला असून कोणतीही दुरुस्ती केलेली नाही. फोटोत एकच व्यक्ती असावी, ही पाटी कक्षाच्या भिंतीवर मीच लावली आहे, तरी माझ्या डाव्या बाहीवरचा हात कृपया कापू नये. तो हात बाही ओढत नाही, नुसता ठेवलेला आहे. वरील मजकूर खरा असल्याचा दाखला म्हणून तो ग्राह्य धरावा.