रिमोट म्हणजे मयूर विहार नव्हे

१० जून
अर्ज एकसष्ट. चौपन्न नकार, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. आणि आज एक होकार. मी शिकते त्या जर्मनीतलीच कंपनी, बारा आठवडे, रिमोट, गोदामांतल्या मालाचे आकडे तपासायचे. ही इंटर्नशिप पूर्ण होऊन कंपनीची सही मिळाली नाही तर तिथलं कॉलेज सहामाही धरणार नाही, आणि सहामाही गेली तर व्हिसा वाढणार नाही. म्हणून लगेच करारावर सही करून पाठवून दिलं. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दिल्लीला, मयूर विहारच्या घरी आलेच आहे, आता इथूनच करीन. बाबा उद्या ऑफिसात पेढे नेणार. अजून एक दिवस काम केलेलं नाही यार.

११ जून
करार आज वाचला. सही केल्यावर. कलम नऊ: काम कुठूनही करा, पण जर्मनीतूनच. परत जावं तर आईला उठवायला-बसवायला कोण? बाबांची रजा संपली. सांगावं तर हेही हातचं जाईल. नाही सांगितलं. त्यांनी विचारलेलं पण नाही.

१७ जून
तिथले नऊ म्हणजे इथले साडेबारा. म्हणजे बरोबर कुकर, कबाडीवाला आणि भांडी घासणारी सुनीता. पांढऱ्या भिंतीसमोर खुर्ची, पंखा बंद, कारण त्याची कुरकुर ऐकू जाते. एसी आईच्या खोलीत. मार्टिना, माझी वरिष्ठ, अजिबात न हसणारी बाई, म्हणाली, तुझ्याकडे फार गरम होतंय का? म्हटलं, यंदा जरा आहेच.

२५ जून
मीटिंगमध्ये कोकिळा. मार्टिनाने विचारलं, कुठला पक्षी हा? मी म्हटलं, शेजाऱ्यांचा आहे.
शेजाऱ्यांचा. माझी अक्कल.

४ जुलै
आई वॉकर सोडायला तयार नाही. फिजिओ सांगून दमला. सुनीता म्हणते, "आंटी डरती बहुत हैं." रोज माझी आरडाओरड, रोज तिचं "उद्या बघू." वर परत, "तुझ्या मॅडमना एकदा मला भेटव की." ऑफिस आहे आई ते. "मग काय झालं?"

२२ जुलै
एका गोदामाचा माल दोनदा मोजला जात होता, तो मी पकडला. मार्टिना म्हणाली, छान. एवढंच, पण म्हणाली. दिवसभर खूश होते.

३० जुलै
सगळं संपलं.
कॉल चालू, आणि आई कोकम सरबत घेऊन थेट कॅमेऱ्यात. "नमस्ते मॅडम. शी इज वर्किंग व्हेरी हार्ड. यू मस्ट कम टू अवर हाउस इन डेल्ही. मेट्रो इज व्हेरी निअर." मग माझ्याकडे वळून, "विचार ना गं, तिखट खातात का."
मार्टिना म्हणाली, "डेल्ही?"
मी लॅपटॉप आपटून बंद केला. आईला काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. शेवटी सांगून टाकलं की मी इथे आहे हे त्यांना माहीत नाही.
आई म्हणाली, "म्हणजे आम्हाला लपवलं होतंस?"
तसं नाही गं.
"बरं," म्हणाली आणि आत गेली.

३१ जुलै
मार्टिनाची एका ओळीची मेल: सोमवारी साडेदहाला बोलू. इथले दोन. बाबा म्हणाले, "मी अर्ज ड्राफ्ट करून देतो. नियम शिथिल करता येतात, सबळ कारण दाखवावं लागतं." नको बाबा. घरात कुकर लावत नाहीत, सुनीता चपला हातात घेऊन चालते. आता कशाला?

१ ऑगस्ट
परवाचा ग्लास टेबलावरच होता. धुताना लक्षात आलं. आईच्या एका हातात ग्लास होता, दुसऱ्यात ताटली. वॉकर कुठे होता?
स्वयंपाकघर ते माझी खोली, चौदा पावलं. मोजून आले. दीड महिना जिच्या मागे लागले होते ती एकटी चालत आली, आणि मी अंगावर ओरडले.
आत जाऊन विचारलं, वॉकर सोडून आलीस?
"तुझ्या मॅडमसमोर वॉकर घेऊन कशी येऊ?" म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं.
मला स्वतःची फार लाज वाटली. सॉरी म्हटलं. ऐकलं का माहीत नाही.

३ ऑगस्ट, दुपारी पावणेदोन
सकाळीच मार्टिनाला मेल केली. करार, गुडघा, कोकिळा, सगळं. सबळ कारण वगैरे काही नाही, झालं ते लिहिलं. उत्तर नाही.
खुर्ची फिरवली. मागे आता वाळत घातलेले कपडे आणि कोपऱ्यात वॉकर. पंखा चालू. आई चांगली साडी नेसून दारात उभी. "मी आत थांबू?" नको, इथे बस. बसली. मग हळूच, "तिखटाचं विचारू का?"
आधी सहीचं होऊ दे गं.
कुकरची शिट्टी झाली. होऊ दे. मार्टिना दहा मिनिटं आधीच आली आहे.