रोजच्या चार ओळी

सोमवार, ३
लहानपणी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात धाकटी बहीण आणि मी कित्ता गिरवत बसायचो. ती मुद्दाम माझ्या कोपराला धक्का द्यायची, मी रडकुंडीला यायचे, आणि कॉन्व्हेंटच्या मदर तिलाच दहा ओळी जास्त द्यायच्या. आज तीच मला काविळीसाठी या इस्पितळात सोडून गेली. खाट खिडकीजवळची मिळाली, लॉटरीच! शेजारच्या खाटेवरच्या काकू सारख्या विणत असतात. म्हणाल्या, बाई, माझ्या पिवळ्या लोकरीत तुम्ही सहज खपून जाल. पोट दुखेपर्यंत हसलो.
डॉक्टरांनी ही वही दिली. रोज चार ओळी लिहायच्या आणि सिस्टर त्या पाहणार. मजकूर नाही, नुसतं अक्षर. लिव्हर थकलं की विष डोक्यात जातं, ते आधी अक्षरात दिसतं म्हणे. तीस वर्षं मुलांचं अक्षर तपासलं, आता माझं तपासणार!

मंगळवार, ४
आजपासून स्टेरॉइडच्या गोळ्या. सातव्या दिवशी रक्त तपासायचं. काविळीचा आकडा अठरा आहे. तो उतरला तर महिनाभर गोळ्या, नाही तर बंद. मग पुढे काय, विचारलं. डॉक्टर फाइल चाळत राहिले.
धाकटीला वाटतं, साधी कावीळ आहे. हे गेल्यापासून मी घरी एकटी बसून काय घेत होते, ते फक्त डॉक्टरांना सांगितलंय.

गुरुवार, ६
काय ही भूक! ताट चाटूनपुसून खाल्लं, वर काकूंची दोन केळीही. धाकटीचे डोळे भरून आले. गुण आला गं ताई, म्हणाली, औषध लागू पडलं! ती गेल्यावर सिस्टर हळूच म्हणाल्या, ही भूक गोळ्यांची आहे, तुमची नाही.

शनिवार, ८
कालच्या पानावर कुणीतरी लिहून ठेवलंय. नुसते कोंबडीचे पाय, ओळ खाली घसरत गेलेली. "बाटली शिवणयंत्राच्या खोक्यात आहे."
काकूंना विचारलं. त्यांनी सुया खाली ठेवल्या. काल दुपारी तुम्हीच लिहीत होतात, म्हणाल्या, हाक मारली तर वर पाहिलंसुद्धा नाही.
बाटली खरंच तिथे आहे. माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

रविवार, ९
आज पुन्हा. "धाकटीला सांग." मी पान फाडलं. वही उशाखाली दडपली.
डोळा लागला. उघडला तर वही धाकटीच्या हातात, बाटलीचं पान उघडं. ती रडली नाही, चिडली नाही. एवढंच म्हणाली, बोलली असतीस तर मी रोज येऊन बसले असते गं. मी म्हटलं, ते मी नाही लिहिलं. तिने माझी बोटं उलटी करून पाहिली.
शाई होती.

सोमवार, १०
आकडा चोवीस. दारू सकाळपर्यंत उतरायची तरी. हे उतरत नाही —
गोळ्या बंद. डॉक्टर आज पहिल्यांदाच खाटेवर बसले. दुसरं काही औषध, मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. हात पुढे धरा म्हणाले. धरले. पंजे फडफडले, माझे नसल्यासारखे.

बुध — की गुरुवार
सिस्टर म्हणतात कालचं पान मीच लिहिलं. सगळं तिचं अक्षर, त्या कोंबडीचे पाय काढणारीचं. हेही तिच्यासारखंच होत चाललंय — माझं कुठे —
ती लिहायला बसायच्या आत
घड्याळ भाचीला. किल्ली रोज द्यायची
निळी शाल काकूंना, त्यांना गारठा सोसत नाही
पुस्तकं शाळेला. फाटकी नकोत
यांचा फोटो कुणाला नको, माझ्याबरोबर
घर धाकटीला. पण धाकटे, एकटी आत जाऊ नकोस. आधी दारातून हाक मार. आतून माझ्याच आवाजात कुणी ओ दिली, तर तू —