शिडीचं औषध

४ फेब्रुवारी

नात शुद्धीवर आली. आता झोपलीय.

सकाळी उठेचना. डोळे फिरवले, हातपाय ताठ! सून नुसती बघत उभी. मीच उचलली आणि दवाखान्यात धावले, पायात चप्पलसुद्धा नाही. पोर चार वर्षांची, पण सहा वर्षांच्या मुलीचा फ्रॉक लागतो. म्हणून तर सगळे शिडी म्हणतात. कंबर गेली माझी.

रक्तात साखरच उरली नव्हती म्हणे. डॉक्टरीणबाईंनी बोटांची पेरं बघितली, हिरड्या बघितल्या. "जन्मापासून इतकी काळी आहे?"

नाही. वर्षभरात झाली. मळ असेल म्हणून मी घासून घासून थकले. तर सून लगेच, "आई दगडाने घासतात तिला!" तिथे बोलायची गरज होती?

९ फेब्रुवारी

आज बाईंनी बसवून सांगितलं. मुलगा मान डोलवत होता, त्याला काही कळलं नाही. मी चौथी शिकलेली, मी तीनदा विचारलं.

मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. मेंदूतून रस येतो आणि तिला हुकूम सोडतो — अंगाला बळ पाठव! त्यासाठी तिच्या पेशींना दारं असतात. ते दार त्या एका रसालाच उघडतं, बाकी कुणी डोकं आपटलं तरी नाही. आणि ते तयार होतं पेशीच्या आत. आपलं आपण बाहेर येत नाही. सोबतीण लागते, हाताला धरून आणून बसवणारी. शिडीच्या पेशींवर दार आलेलंच नाही.

म्हटलं, "म्हणजे आमच्या लाँड्रीतली बहिरी." मागच्या खोलीत बसते. रेशमी कपडे तिच्याशिवाय कुणाला जमत नाहीत. मालक पुढून बोंबलतो, तिला काय ऐकू येणार! तिची मैत्रीण जाते, खांद्यावर हात ठेवते, पुढे घेऊन येते. मैत्रीण रजेवर असली की मालक बोंबलतच राहतो, आणि आम्ही बाकीच्या घाबरून भलतीच कामं करत सुटतो.

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. "कातडीचं दार वेगळ्या घडणीचं. त्याला सोबतीण लागत नाही आणि ते चार-पाच रसांना उघडतं. हा रस उतू गेला की यालाही उघडतं. मग ती बिचारी रंग बनवत बसते."

बरं कसं होणार? होत नाही. जन्मभर गोळ्या, ग्रंथी देत नाही ते बळ बाहेरून; मग तो रसही ओसरतो म्हणे. ताप आला तर जास्त. चुकल्या तर पोर हातची जाईल.

मला रडू येत नाही. राग येतो. कुणाचा ते कळत नाही.

१० फेब्रुवारी

गोळी मोठ्या माणसाची, लहान मिळतच नाही. पाण्यात कालवायची, पिचकारीने थोडं ओढून शिडीला, उरलेलं फेकायचं. दिवसातून तीनदा. सून-मुलगा कामावर, मी लाँड्रीत. लेक घरात असते — सव्वीस वर्षांची, लग्न जमत नाही. तिला म्हटलं, आता हे तुझं काम.

२ एप्रिल

शिडी उजळली! हिरड्या गुलाबी. शेजारीण जिन्यात अडवून विचारते, "कुठलं क्रीम लावता हो?" म्हटलं, रोग विकत घे, क्रीम फुकट मिळेल.

लेक शिडीच्या हाताशेजारी आपला हात धरून बघत होती. मी म्हटलं, "बघ! कालची पोर तुझ्या पुढे गेली." तिने हात मागे घेतला.

१९ एप्रिल

लेकीला पाहून गेले. कळवतो म्हणाले. कळवत नाहीत.

३० मे

रक्ताचा रिपोर्ट आला. सोबतीण धडधाकट आहे शिडीची. दारच वाकडं घडलंय. पेशीच्या आतच अडकून पडतं, आणि सोबतीण नुसती तिष्ठत उभी. पोरीची उंची बघून बाईंना आधीच शंका होती म्हणे.

मुलाने विचारलं, "कुणाकडून आलं?" बाई म्हणाल्या, "दोघांकडून. अर्धं-अर्धं." घरी येईपर्यंत नवरा-बायको एकमेकांशी बोलले नाहीत. मी तरी काय बोलू? हात असून धरता येत नाही, अशी ती सोबतीण. तशीच मी.

११ जुलै

शिडीची पेरं परत काळी.

१४ जुलै

रस परत आभाळाला टेकलाय. बाईंनी विचारलं, "औषध नक्की देता ना?" पाकिटातल्या गोळ्या तर वेळेवर संपतात! सून दवाखान्याच्या दारातच माझ्यावर घसरली — "तुमची लेक देते, तिला विचारा." मी म्हटलं, "पोटच्या पोरीला तू का देत नाहीस? नोकरी काय महाराणीची?" लोक बघत होते. बघू देत.

रात्री पोर माझ्या मांडीवर मेल्यासारखी पडली होती. श्वास चालतोय का ते नाकापाशी बोट धरून बघत होते. एक दिवस तो चालत नसेल. मला माहीत आहे.

२० जुलै

लाँड्रीत सांगितलं, आज येत नाही. मालक म्हणाला, "मग उद्याही येऊ नकोस." नाही येत जा!

घरी बसले आणि डोळ्यांनी पाहिलं. लेकीने पेल्यात गोळी घातली, ढवळलं, आणि ठेवून दिलं. पांढरं सगळं तळाशी बसलं. मग वरचं निवळ पाणी पिचकारीत ओढलं आणि शिडीला दिलं! पाणीच पाजत होती पोरीला इतके दिवस!

"अगं, देताना ढवळायला हात झिजतात का तुझे?"

"विसरले."

मुस्काटात दिली. इतक्या मोठ्या मुलीच्या. आता औषध मी देणार. ढवळून देते आणि उरलेलं तिच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतते.

२८ जुलै

शिडी आज जिन्यावरून उड्या मारत होती. जीव भांड्यात पडला.

लेक आडवीच. उलट्या होतात, अंगात त्राण नाही म्हणते. एक काम काढून घेतलं तर एवढं नाटक! तोंड फुगवून बसते — तसेही गाल हल्ली भोपळ्यासारखे झालेत. म्हटलं, ऊठ, नाहीतर जेवायला वाढणार नाही. म्हणाली, नको.

३१ जुलै

लेक मोरीत पडलेली सापडली. गार. तोच दवाखाना, त्याच बाई. सुया टोचल्या, सलाईन लावलं, दुपारी डोळे उघडले.

तिचे गाल बघून बाईंनी विचारलं, "गोळ्या किती महिने घेत होतीस? रोज आयतं मिळालं की अंग स्वतःचं बनवायचं विसरतं. अशा एकदम तोडल्या की माणूस जातं."

मी म्हटलं, ही कसल्या गोळ्या घेणार?

लेकीने भिंतीकडे तोंड केलं. "तळाचं मी प्यायचे. आधी उरलेलं प्यायचे, फेकायचंच होतं ना. मग वाटलं, जास्त घेतलं तर... शिडी गोरी झाली म्हणून गं."

बाई बाहेर गेल्या. तेव्हा माझ्याकडे वळली.

"झालेय का गं, आई? थोडी तरी?"