यंत्राला शिकवलेलं थोपटणं

आई, तुझ्या भिंगरीचा लांबूनच वाकून नमस्कार. घाबरू नकोस, मला कारखान्यातून काढलेलं नाही.

इथे यंत्राचा हात आपल्या हातात धरून हलवायचा, मग तो तसंच आपला आपण करतो. काच उचलून ठेवायला शिकवताना मी आठवडाभर नुसत्या काचा फोडल्या. आम्हाला शिकवणारे सर म्हणाले, "शनिवारपर्यंत एक तरी काच धड ठेव, नाहीतर घरी जा."

शुक्रवारी दुपारी मी उशीला सरांची टोपी घातली आणि यंत्राला तिला थोपटायला शिकवलं, तू मला थोपटायचीस तसं. खिडकीतून ऊन येत होतं. यंत्र इतकं हळू थोपटत होतं की बघताबघता माझाच डोळा लागला. जाग आली तर सर समोर.

"टोपी माझी दिसतेय."

"हो सर. हळू बोला, तुम्ही आत्ताच झोपलाय."

ते हसले नाहीत. उशी काढून काच पुढे केली. "याच हाताने ही ठेवायला शिकव."

ठेवली, आई. टक् असासुद्धा आवाज झाला नाही. मी राहिले इथे.

"असा हात कुठे शिकलीस?" सरांनी विचारलं.

तुझं मनगट अजून दुखतं का? धुणं बाबांना पिळायला लाव. आणि उत्तर खरं लिही.

तुझीच,
भिंगरी