दुरुस्तीला नेलेलं मशीन

चि. धाकटेपंत यांस थोरल्याचे अनेक आशीर्वाद.

प्रथम एक गंभीर तक्रार. कंपनीने दिलेल्या खोलीतली उशी पाषाणजातीची आहे. रोज सकाळी मान कंपनीच्या धोरणासारखी भलतीकडेच वळलेली असते. बाकी प्रकृती उत्तम. आईचे गुडघे कसे आहेत? मी वेळेवर जेवतो, असं तिला सांग.

इथल्या नव्या कारखान्यातले कामगार हुशार निघाले. पंपाच्या झडपा घासायला मी शिकवलं आणि आता माल थेट परदेशी जातो. "तुमच्यामुळे निर्यात वाढली," असं साहेब म्हणाले, तेव्हा मीही जरा फुगलो. तू काम करतोस तो आपला जुना कारखाना आणि हा, दोन्ही चालतील, असं मला इथे धाडताना तेच म्हणाले होते.

काल यंत्रांची खोकी आली. पहिलं उघडलं, तर आत तुझं मशीन! मुठीवर तू गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टीसुद्धा तशीच. ते दुरुस्तीला नेलंय, असंच तुम्हाला सांगितलं ना? मी साहेबांना गाठलं. म्हणाले, "इथे मजुरी स्वस्त पडते. तिकडचं हळूहळू बंद करू. तुमची नोकरी मात्र पक्की." केवढी ही करुणा!

माझ्या हाताखालच्या कारागिराने मूठ धरून पाहिली. "गुरुजी, पकड झकास आहे हो!"

साहेब सांगतील तेव्हा सांगतील, तू आजच सगळ्यांच्या कानावर घाल.

तुझ्या नोकरीची काळजी आहेच. पण खरी भीती ही, की मला हे आधीपासून ठाऊक होतं, असं तुला वाटेल. ठाऊक नव्हतं रे.

तुझाच,
दादा